बाटली, दात आणि बोंडलं

जानेवारीच्या अखेरीस आमच्या घरी रोज संध्याकाळी साडेसहाला एक नाट्यप्रयोग होत असे. स्थळ स्वयंपाकघर. पात्रं तीन: नवरा, सात महिन्यांची छकुली आणि दुधाची बाटली. मी विंगेत, म्हणजे जिन्याखाली कोट टांगतो तिथे, श्वास रोखून उभी. कारण मी दिसले तर खेळ तिथेच संपायचा. नवरा बाटली पुढे करायचा. छकुली आधी संशयाने बघायची, मग बूच तोंडात घेऊन एकदा कचकन चावायची आणि लगेच पाठीची कमान करून असा टाहो फोडायची, की एकदा शेजारच्या आजीबाईंनी भिंतीवर टकटक केली. (दुसऱ्या दिवशी त्याच केक घेऊन चौकशीला आल्या, हेही सांगायला हवं.)

फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली इस्पितळाचं पत्र लावलेलं होतं. छकुली झाल्यानंतर चार महिन्यांनी माझ्या पोटात उजव्या बाजूला असह्य कळा येऊ लागल्या. पित्ताशयात खडे निघाले. बाळंतपणानंतर हे बऱ्याच जणींना होतं, असं तेव्हा कळलं. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, सगळं ठीक झालं तर त्याच दिवशी घरी. तारीख फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली. इथे रेडिंगमध्ये राहणाऱ्यांना सांगायला नको, की अशी तारीख हातची सोडली तर पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहावं लागतं. आणि दरम्यान पुन्हा कळ आली तर मध्यरात्री अँब्युलन्स. म्हणजे बारा-चौदा तास मी घरात नसणार, आणि पूर्णपणे अंगावर पिणाऱ्या मुलीने तोवर दुसऱ्या कुठल्या तरी मार्गाने दूध पिणं भाग होतं.

संपादकांनी "या वर्षी काहीतरी घरगुती लिही" म्हटलं, तेव्हा मला हे तीन आठवडेच आठवले. आपल्या मंडळातल्या निदान तीन घरांत यंदा पाळणा हलला आहे. त्या घरांतल्या कुणाला उपयोग झाला तर बरंच.

खरं तर छकुली बाटली प्यायची. दीड महिन्याची असल्यापासून रात्री दहाची एक बाटली तिचा बाबा तिला द्यायचा, मी काढून ठेवलेल्या दुधाची. नाताळच्या सुट्टीत मात्र पाहुणे आले, सगळ्यांना सर्दी झाली, छकुलीचं नाक चोंदलं, आणि तीन आठवडे ती बाटली राहूनच गेली. मोठ्या मुलाच्या वेळी असा खंड पडूनही काही बिघडलं नव्हतं, त्यामुळे मी बेफिकीर. मी दहा वर्षं शाळेत शिकवलं आहे. एकाच घरातली दोन मुलं एकसारखी नसतात, हे पालकसभेत किती वेळा सांगितलं असेल! स्वतःच्या घरी ते लक्षात राहिलं नाही.

जानेवारीत बाटली परत काढली तोवर खालच्या हिरड्या फुगल्या होत्या. लाळेरं तासाला बदलावं लागे. एक गाल लालबुंद, मुठी तोंडात, रात्री तीन-तीनदा जाग. हातात येईल ते चावायचं: माझा खांदा, दादाची पेन्सिल, टीव्हीचा रिमोट. खालचे पुढचे दोन दात बहुधा पाच ते सात महिन्यांत येतात, तेव्हा वेळेप्रमाणे सगळं बरोबरच होतं. फक्त बाटली बरोबर नव्हती.

मग सुरू झालं बाटल्यांचं प्रदर्शन. आखूड बुचाची, लांब बुचाची, आईसारखं वाटावं म्हणून पसरट बुचाची, काचेची, वाकड्या मानेची. सहा झाल्या. बुचाचं भोक मोठं करून पाहिलं, तर तिला ठसका लागला. दूध कोमट, दूध गार. नवऱ्याने माझा गाऊन खांद्यावर घेऊन पाजून पाहिलं; त्या अवताराचा फोटो माझ्याकडे आहे, पण छापायची परवानगी नाही. झोपेत, खिडकीत, चालता चालता, गाडीत. एकदा सहज म्हणून मीच फ्रीजरमधलं वितळवलेलं दूध चाखलं, आणि चाट पडले. साबणासारखी चव! काही जणींच्या दुधात स्निग्धांश मोडणारं विकर जास्त कामाला लागतं आणि साठवलेल्या दुधाला असा वास येतो. दूध खराब झालेलं नसतं, पण बाळाला ते आवडेलच असं नाही. माझी डिसेंबरची सगळी बेगमी तशीच निघाली. तेव्हापासून माझा नियम झाला, की बाळाने दूध नाकारलं तर आधी ते स्वतः चाखायचं.

ताज्या दुधानेही फरक पडला नाही. कारण मुख्य अडचण चवीत नव्हती. बाटलीचं बूच चोखताना जबडा दाबावा लागतो आणि तो दाब नेमका सुजलेल्या हिरडीवर येतो. अंगावर पितानाही थोडं दुखत असणार, तीही कधी कधी पिता पिता सोडून रडायची. पण आईच्या कुशीसाठी ती तेवढं सोसायची. रबरासाठी कशाला सोसेल?

आता सल्ल्यांबद्दल. माझ्या सासूबाई सांगलीला आणि आई नाशिकला. दोघींचे व्हिडिओ कॉल संध्याकाळी एकापाठोपाठ एक. सासूबाई म्हणाल्या, "अगं, टाकणखाराची लाही करून मधातून हिरड्यांना चोळ. आमच्या सगळ्या मुलांना चोळली." आई म्हणाली, "खारीक दे हातात, चघळत बसेल." दोघींच्या मायेबद्दल शंका नाही, पण मला दोघींनाही नाही म्हणावं लागलं. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो पोटात जाता कामा नये. मध वर्षाच्या आत अजिबात द्यायचा नाही, कारण त्यात कधी कधी असे जिवाणूंचे बीजाणू असतात, की जे आपल्याला काही करत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून त्याचे स्नायू लुळे पाडणारं विष तयार करतात. खारीक भिजून मऊ झाली की तिचा तुकडा सुटतो आणि घशात अडकतो. सासूबाईंना हे सांगताना मी वर्गात फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलले असणार, कारण त्या म्हणाल्या, "बरं बाई," आणि पुढचे दोन दिवस फोन आला नाही.

इकडचे सल्ले काही फार वेगळे नव्हते. वाचनालयात लहान मुलांच्या गाण्यांचा तास असतो, तिथे एका आईने मला अंबरच्या मण्यांची माळ दाखवली; बाळाच्या गळ्यात घातली की दात दुखत नाहीत म्हणे. माळ आवळण्याची आणि मणी तुटून गिळण्याची भीती असल्यामुळे इथले डॉक्टर ती घालू नका म्हणतात. हिरडी बधिर करणारं मलम पूर्वी दुकानाच्या फळीवरून उचलता यायचं. २०१८च्या अखेरीस इथल्या औषध नियामकांनी लिडोकेन असलेली मलमं फक्त औषधविक्रेत्याच्या सल्ल्याने द्यावीत असं ठरवलं. आमच्या औषधवाल्याने सरळ सांगितलं, की लाळेबरोबर ते दोन मिनिटांत वाहून जातं, त्यापेक्षा स्वच्छ बोटाने हिरडी चोळा. चावायची रिंग फ्रिजमध्ये गार करा. फ्रीजरमध्ये नको, हिरडीला इजा होते. फार किरकिर असेल तर वयाच्या मापाने पॅरासिटामॉल. हे सगळं आम्ही केलं. छकुलीची चिडचिड कमी झाली, झोप थोडी सुधारली. बाटलीवरचा राग मात्र तसाच.

एका सल्ल्यावर मात्र सांगली, नाशिक आणि रेडिंग यांचं एकमत होतं: "भूक लागली की झक मारत पिईल." मी तोही मानला, आणि त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं.

तो शनिवार होता. सकाळी आठला छकुलीला पाजून मी घराबाहेर पडले. संध्याकाळपर्यंत परत यायचं नाही असं ठरलं होतं. कॅव्हरशॅमच्या पुलाजवळ थेम्सच्या काठाने दोन फेऱ्या मारल्या, मग वाचनालयात जाऊन बसले. अकराला नवऱ्याचा निरोप: "नाही." एकला: "नाही. दोन चमचे खिमट." तीनला: "झोपली. रडून." छाती दगडासारखी झाली होती, वाचनालयाच्या बाळांच्या खोलीत जाऊन मी दूध काढलं आणि हातातल्या त्या बाटलीकडे बघत रडले. पाचला घरी आले. नऊ तासांत तिने चार चमचे खिमट आणि दोन घोट पाणी एवढंच घेतलं होतं. मला बघितल्यावर ती रडली नाही. नुसते हात पुढे केले. पिताना माझी कॉलर घट्ट धरून ठेवली आणि पोट भरल्यावरही बराच वेळ हुंदके देत होती. नवरा ओट्याकडे तोंड करून उभा होता, मी त्याच्याशी बोलले नाही आणि तोही माझ्याशी. त्या वयाच्या मुलाला हट्ट म्हणजे काय हे ठाऊक नसतं. तिला दुखत होतं आणि आम्ही तिच्याशी शर्यत लावली होती. तो प्रयोग पुन्हा केला नाही.

सोमवारी रात्री तिला ताप भरला. ३८.६. कान ओढत होती, आडवी केली की किंचाळायची, आणि आता अंगावरही दोन घोटांच्या पुढे पिईना. फोनवर सगळ्यांनी एकच निदान केलं: दात. मीही तेच म्हणत होते. पण मोठ्या चिरंजीवांचं हजेरीपत्रक वेगळं सांगत होतं. सहा वर्षांचा आहे तो. छोटीचे लंगोट मोजायचे म्हणून मी त्याला शाळेच्या वहीसारखे रकाने आखून दिले होते: वेळ, ओला की सुका, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "खूप वास" असं असायचं. त्या दिवशी दुपारपासून ओळीने "सुका, सुका" लिहिलेलं होतं.

रात्री अकराला आम्ही १११ला फोन लावला. तिकडून विचारलं, की रडताना अश्रू येतात का, जीभ ओली आहे का, टाळू खोल गेली आहे का, शेवटचा नीट ओला लंगोट किती तासांपूर्वी. बारा तास व्हायला आले होते. त्यांनी पॅरासिटामॉल द्यायला आणि थोडं थोडं, पण सतत पाजत राहायला सांगितलं. रात्रभर दर दहा मिनिटांनी दोन-तीन घोट. पहाटे चारला लंगोट ओला झाला, तेव्हा आम्ही दोघांनी तो दिव्याखाली धरून पाहिला. सकाळी डॉक्टरांनी कानात बघितलं: दोन्ही पडदे लाल, सुजलेले. कानाच्या आतला संसर्ग. चोखताना आणि गिळताना तिथे ताण पडतो, म्हणून ती अंगावरही पिईना. डॉक्टर शांतपणे म्हणाले, की दात येताना अंग किंचित कोमट लागू शकतं, पण ३८च्या वर ताप गेला तर तो दातांवर ढकलायचा नाही, दुसरं कारण शोधायचं. जुलाबाचंही तेच.

मूळ स्वभाव मास्तरणीचा, त्यामुळे पुढच्या काही रात्री छकुलीला खांद्यावर घेऊन मी याबद्दल वाचत बसले. दातांच्या नावावर सगळं खपवण्याची खोड केवळ आपल्याकडची नाही. १८३९ साली इंग्लंड आणि वेल्सच्या मृत्युनोंदीत पाच हजारांहून अधिक मुलांच्या नावापुढे मृत्यूचं कारण म्हणून "दात येणे" असं लिहिलं आहे. ती मुलं दातांनी कशी मरतील? जुलाब, न्यूमोनिया, ताप यांनी गेली. फक्त त्याच वयात दातही येत होते. त्या काळचे डॉक्टर सुजलेल्या हिरडीला नस्तराने चीर देत. आणि दातांसाठी म्हणून पूड विकली जायची तिच्यात पारा असायचा. त्याने मुलांचे हातपाय गुलाबी पडून सोलवटायचे, मुलं झुरायची. १९५०च्या दशकात इथे ती पूड बंद झाली तेव्हा तो आजारही ओसरला. त्या वेळी छापील लेबल लावलेली ती पूड इथल्या सुशिक्षित घरांतही मिळायची. हे वाचल्यावर सांगलीच्या टाकणखाराबद्दलचा माझा सूर जरा मऊ झाला आणि मीच सासूबाईंना फोन केला.

कानांच्या औषधाबरोबर प्लास्टिकची एक लहान पिचकारी मिळाली होती. सुई नसलेली, गालाच्या आतल्या बाजूला औषध सोडायची. छकुली ते औषध चटाचटा प्यायली. तिसऱ्या दिवशी तर पिचकारी बघून तोंड उघडायला लागली. नवरा म्हणाला, "अगं, म्हणजे हिचं भांडण दुधाशी नाही, आपल्याशी नाही. फक्त बाटलीशी आहे." किती साधी गोष्ट! तीन आठवडे आम्हाला सुचली नव्हती.

त्याच आठवड्यात हेल्थ व्हिजिटर घरी आली. परदेशातल्या आपल्या वाचकांखेरीज भारतातल्या नातेवाइकांसाठी सांगते: ही मुळात परिचारिका किंवा सुईण असते, पुढे लहान मुलांच्या आरोग्याचं वेगळं शिक्षण घेतलेली. प्रत्येक बाळाच्या मागे अशी एक बाई असते आणि बाळाचं वजन-उंची, लसी वगैरे एका लाल पुस्तकात लिहिलेलं असतं. तिने ओट्यावरच्या सहा बाटल्या पाहिल्या आणि हसली. म्हणाली, "सात महिन्यांच्या मुलीला बाटली शिकवायचा एवढा आटापिटा कशाला? सहा महिन्यांनंतर आम्ही पेला सुरू करा म्हणतो आणि वर्षानंतर बाटली सोडवा म्हणतो. मधली पायरी गाळून टाका. उघड्या पेल्यातून द्या." मग तिने हिशेब करून दाखवला. या वयाच्या, वरच्या दुधावरच्या बाळाला दिवसाकाठी साधारण ६०० मिली दूध लागतं. तू सकाळी निघताना पाजणार, रात्री आल्यावर पाजणार, रात्रीतून ती दोनदा उठणारच. मधल्या वेळात दीडशे-दोनशे मिली पोटात गेलं आणि जेवणात थोडं दूध, दही घातलं, तर तिचं काही अडणार नाही. ती आकडे सांगत होती आणि माझ्या खांद्यांवरचं ओझं उतरत होतं.

संध्याकाळी सासूबाईंना हे सांगितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे बोंडलंच की गं!"

मराठीत एमए केलेल्या मला तो शब्द माहीत होता, वस्तू मात्र कधी हातात घेतलेली नव्हती. सासूबाई आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरलं: मुठीत मावेल एवढं, चांदीचं, एका बाजूला चोच काढलेलं इवलंसं भांडं. नवरा याच बोंडल्याने दूध प्यायला होता, त्याची आत्याही. दक्षिणेत याच जातीच्या भांड्याला पालाडै म्हणतात, आणि आपल्याकडच्या इस्पितळांत अपुऱ्या दिवसांच्या, चोखायची ताकद नसलेल्या बाळांना आजही त्याने दूध देतात. आपल्या आज्यांच्या घरात बाटली नव्हतीच. होतं ते बोंडलं आणि वाटी-चमचा. इथे मात्र व्हिक्टोरियन काळात लांब रबरी नळीच्या काचेच्या बाटल्या निघाल्या होत्या. त्या नळीची आतून सफाई करता यायची नाही, आणि इतकी मुलं दगावली, की लोक त्यांना मारेकरी बाटल्या म्हणू लागले. स्वच्छतेच्या दृष्टीने उघडं भांडं केव्हाही बरं, हे समजायला जगाला वेळ लागला.

बोंडलं सांगलीहून पुण्याला एसटीने, आणि पुण्याहून इथे मंडळातल्या एका कुटुंबाच्या हातसामानातून आलं. त्यांनी ते मोज्यात गुंडाळून आणलं होतं. त्या कुटुंबाचं नाव छापू नका असा त्यांचाच आग्रह आहे, म्हणून इथूनच नमस्कार.

शस्त्रक्रियेला तेव्हा नऊ दिवस उरले होते. बोंडलं वीस मिनिटं उकळून घेतलं आणि हेल्थ व्हिजिटरलाही दाखवलं. तिला फार आवडलं, पण तिने एक बजावलं. जुन्या पद्धतीने बाळाला पायांवर आडवं घालून घशात दूध ओतायचं नाही. ओतलेलं दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. मी सासूबाईंना हे घाबरत सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. ठसका लागायचाच आम्हाला."

आम्ही जसं केलं तसं सांगते. बाळाला मांडीवर जवळजवळ उभं बसवायचं, मानेला आधार. गळ्याखाली दुपटं, कारण निम्मं दूध आधी तिथेच जातं. भांडं अर्ध्याहून जरा जास्त भरायचं. कड खालच्या ओठावर अलगद टेकवायची आणि दूध ओठाला लागेल इतकंच तिरपं करायचं. मग थांबायचं. बाळ जिभेने चाटतं, मग फुरकतं, मग गिळतं. गिळेपर्यंत भांडं हलवायचं नाही, आणि तोंड फिरवलं की खाली ठेवायचं. पाजायचं काम बाळाचं, आपण फक्त भांडं धरायचं. मी समोर असायला हरकत नव्हती, उलट मी शेजारी बसून रिकाम्या वाटीतून पिण्याचं नाटक करायचे. ती भुकेने कळवळलेली असताना नाही, तर अर्धं पोट भरलेलं असताना शिकवायचं, हेही हेल्थ व्हिजिटरचंच.

पहिल्या दिवशी छकुलीने बोंडल्याची कड पकडली आणि चावली. सोडेचना. चांदी गार होती, हिरड्या गरम. ती चावत राहिली आणि चोचेतून आलेलं दूध आपोआप जिभेवर गेलं. तिने थांबून विचार केल्यासारखं केलं, आणि पुन्हा चावली. अशी पाच मिली गेली असतील. मोठ्याने हजेरीपत्रकात नवा रकाना आखला आणि "५" लिहून शेरा मारला: "चांगली प्रगती". तेवढं माझ्याकडून त्याने उचललं आहे.

दुसऱ्या दिवशी दहा, मग पंचवीस. चौथ्या दिवशी पुन्हा शून्य, कारण त्या रात्री हिरडी फारच सुजली होती. तेव्हा मागे न लागता दही-भात मऊ करून भरवला. नाचणीच्या सत्त्वात माझंच दूध घातलं, तेही चाललं. सहाव्या दिवशी बोंडलं घासायला पडलं होतं म्हणून नवऱ्याने उष्टावणाच्या चांदीच्या वाटीने दिलं, तर त्यातूनही प्यायली. चाळीस मिली. एका वेळेला वीस-पंचवीस मिनिटं लागत आणि बाबाचा शर्ट दिवसाला दोनदा बदलावा लागे, हे कबूल करते. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी हा मार्ग नाही. आमच्याकडे दुसरा नव्हता.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पहाटे पावणेसहाला तिला पाजलं आणि सातला इस्पितळात हजर झाले. भूल देणाऱ्या डॉक्टरांना मी पहिला प्रश्न विचारला तो दुधाचाच. त्या म्हणाल्या, की पूर्ण जाग आली, ठीक वाटू लागलं, की खुशाल पाजा. दूध काढून फेकायची गरज नाही. मला कुठे तरी उलटंच ऐकल्याचं आठवत होतं. बरं झालं विचारलं.

जाग आली तेव्हा घसा कोरडा, पोटात ओढ, आणि फोनवर सात निरोप. "नऊ वाजता ३०." "साडेअकरा, ४५, शर्ट बदलला." "खिमट एक वाटी, तूप घालून." "अडीच, १५ फक्त, रागावली आहे." "झोपली." "साडेचार, ६०!!" सातवा निरोप आवाजाचा होता. नवऱ्याने फक्त "ऐक" म्हटलं होतं आणि मग चांदीवर काहीतरी आपटल्याचा बारीकसा टिक् आवाज. मला औषधाच्या गुंगीत काही कळेना. पुन्हा लावला. टिक्, टिक्. मागून मोठ्याचा आवाज, "आई, वाटी वाजली!" शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मला काही दुखतंय का विचारलं, कारण मी रडत होते. हसताना टाके ओढत होते ते वेगळंच.

रात्री साडेआठला घरी आले. पोटावर चार ठिकाणी पट्ट्या, उचलायची मनाई. छकुलीला नवऱ्याने माझ्या शेजारी आणून ठेवलं आणि मी कुशीवर वळून आडवी राहून पाजलं, तिचे पाय माझ्या पोटाला लागू नयेत म्हणून मध्ये उशी. पिता पिता तिने नवा दात लावून पाहिला. मी ओरडले. ती दचकली, माझ्याकडे टक लावून पाहिलं, आणि पुन्हा प्यायला लागली. त्या दिवसाचा हजेरीपत्रकातला आकडा १५० होता.

आता दिवाळीला छकुली सोळा महिन्यांची होईल. आठ दात आहेत आणि दाढेची तयारी सुरू आहे, त्यामुळे सोफ्याची कड पुन्हा ओली असते. दूध वाटीतून स्वतःच्या हाताने पिते आणि उरलेलं दादाच्या डोक्यावर ओतते. सहा बाटल्यांपैकी दोनांत मी जिरे-मोहरी ठेवली आहे, बाकीच्या तशाच आहेत, कुणाला हव्या असतील तर घेऊन जा. बोंडलं मात्र सध्या आपल्याच मंडळातल्या एका घरी गेलं आहे. तिथे पाच महिन्यांचं बाळ आहे आणि आईला मार्चमध्ये कामावर रुजू व्हायचं आहे. त्यांच्यानंतर नंबर लावायचा असेल तर मला कळवा. सासूबाईंची परवानगी आहे. फक्त चिंच लावून घासू नका असं त्यांनी सांगितलंय, चोचेजवळची चांदी फार झिजली आहे.